आमच्यात येत नाही

सुर्वे सिस्टर मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा जग हिसकावून घेतला.

बडोद्याच्या कारेलीबागेत आमच्या बिल्डरच्या चार मजली फ्लॅटांचं काम चालू होतं. मी तिथला साइट इंजिनिअर. भर दुपारची वेळ. पत्र्याच्या ऑफिसातल्या माठातून मी जग भरून घेत होतो, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. भिंतींना द्यायचा चुना भिजवताना तो उसळून मंगी नावाच्या मजूर बाईच्या डोळ्यात गेला होता. ती जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोळा दाबत होती. जेठाभाई मुकादमाने कुठून तरी वाटीत तूप आणलं होतं. "घी नाखो, ठंडक थशे," असं तो म्हणत होता आणि तिचा हात बाजूला ओढत होता.

रस्त्यापलीकडच्या सोसायटीतून एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई धावत आली. पांढरं पातळ कमरेला खोचलेलं, मनगटावर पुरुषी घड्याळ, वय पन्नाशीच्या आसपास. तिने जेठाभाईच्या हातातली वाटी उडवली, माझ्या हातातला जग ओढला, मंगीचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन बोटांनी पापण्या फाकवून डोळ्यात पाण्याची धार धरली. मंगी किंचाळत होती. बाई पाणी ओतत होती.

"अजून आणा. उभे काय राहिलात?"

मी पळत गेलो. किती जग आणले ते आठवत नाही. पाव तास तरी ती पाणी ओतत होती. मग डोळ्यावर ओलं फडकं ठेवून तिने मान वर केली.

"इथला इंजिनिअर कोण?"

"मी. खोपकर."

"मराठी? बरं झालं. तुम्हाला शिव्या भाषांतर करून द्यायला नकोत."

आणि त्यांनी दिल्या. सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन ऐकत होत्या. चुना कालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा का नाही? साइटवर मजुरांसाठी पाण्याचा नळ का नाही? हे प्रश्न मला कुणी कधी विचारले नव्हते. डिप्लोमाच्या परीक्षेत सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारलं होतं. ते मला पाठ होतं.

मंगीचा डोळा वाचला. आठ दिवसांनी ती परत डोक्यावर पाट्या घेऊन जिना चढत होती.

शालिनी सुर्वे हे त्यांचं नाव, पण ते फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीला माहीत होतं. मराठी लोक त्यांना सिस्टर म्हणत आणि मजूर 'सिस्टरबेन'. नंदेसरीकडच्या एका रसायनांच्या कारखान्यातल्या दवाखान्यात त्यांनी वीसेक वर्षं नोकरी केली होती. नव्वदीनंतर त्या कारखान्यात कायमच्या कामगारांच्या जागी कंत्राटी माणसं आली. एके दिवशी असल्याच एका कंत्राटी माणसाच्या हातावर ॲसिड सांडलं. दवाखान्याच्या दारात तो उभा असताना साहेब सिस्टरना म्हणाले, "तो कंत्राटदाराचा माणूस आहे. तो आमच्यात येत नाही." सिस्टरनी त्याचा हात धुतला, पट्टी बांधली आणि मेमो घेतला. पुढच्याच वर्षी कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि तिच्या यादीत सिस्टरचं नाव वरच होतं.

"स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं त्या सांगायच्या. हसायच्या मात्र नाहीत.

नवरा आधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. दुसऱ्या एखाद्या बाईने सकाळी बागेत फिरणं, संध्याकाळी भजन असं काही लावून घेतलं असतं. सिस्टरनी आपली जुनी मोपेड काढली आणि बडोद्यातल्या बांधकामांवर जायला लागल्या. तेव्हा बडोदं चहूबाजूंनी वाढत होतं. मांजलपूरला शेतं जाऊन सोसायट्या येत होत्या, जिकडेतिकडे बांबूंच्या परांच्या बांधलेल्या दिसत. बडोद्यात परांचीला सगळे 'पालख'च म्हणतात. त्यावर चढणारी माणसं दाहोद-पंचमहालकडची. नवरा-बायको दोघं यायची, इमारतीच्याच पायाशी प्लास्टिकच्या खोपट्यात राहायची आणि इमारत झाली की नाहीशी व्हायची. मग वास्तुशांतीला भटजी यायचे.

त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा ठराव आला, की समोरच्या साइटवरचे मजूर आपल्या नळावर पाणी भरतात, घाण करतात, वॉचमनला ताकीद द्यावी. सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, "नळाला कुलूप घाला. पण आधी ज्यांच्या ज्यांच्या घराचं प्लास्टर स्वतःच्या हाताने केलेलं आहे त्यांनी हात वर करा." हात कुणीच वर केला नाही. ठराव मात्र मंजूर झाला. मग सिस्टरनी तळमजल्यावरच्या आपल्या मोरीतून रबरी नळी काढून ती खिडकीतून रस्त्यावर सोडली. शेजाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

साइटवर त्या जेवणाच्या सुट्टीत यायच्या. पिशवीत बँडेज, टिंक्चर, एक टॉर्च आणि वरियाळीच्या, म्हणजे बडीशेपेच्या, कागदी पुड्या. आल्या की पहिला हुकूम सुटायचा, "मोढुं उघाड!" त्यांचं गुजराती त्यांच्या मराठीइतकंच उद्धट होतं. माणूस तोंड उघडायचा. टॉर्च मारून गालफडं आतून बघायच्या. मग सांगायच्या, "आता तुझीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाल." तीन बोटं गेली तर पाठीवर थाप. दोनच गेली तर शिवी. बिल्डरच्या ऑफिसात त्या कधी बसल्या नाहीत आणि आमचा चहाही घेतला नाही. मजूर त्यांना भ्यायचे. काही जण मोपेडचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावर जाऊन लपायचे. सिस्टर खालून त्यांची नावं घेऊन ओरडायच्या. गोड बोलून काम करणं त्यांना येत नव्हतं, हे मी कबूल करतो. येत असतं तर चार माणसं जास्त भेटली असती.

मंगीचा नवरा मानसिंग प्लास्टरचा कारागीर होता. वय तिशीच्या आतलं. असा हात मी क्वचित पाहिला. त्याच्या भिंतीवर ओळंबा लावायची गरज पडत नसे. तो नेहमी इतरांपासून लांब, पाठ करून जेवायचा. रोटला चहात कुस्करायचा, लगदा करायचा आणि बोटाने गालात सारायचा. मला वाटायचं, त्याची तशी सवयच असेल. रोज बघत होतो.

सिस्टरनी त्याला बोटं घालायला सांगितली. एक बोट गेलं. दुसरं जाईना. त्याने जोर लावला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट खातोस?"

"मरचुं नथी खवातुं, बेन. बळे छे." तिखट खाववत नाही, आग होते.

टॉर्चच्या उजेडात त्यांनी मलाही त्याच्या गालाची आतली बाजू दाखवली. गुलाबी असायला हवी ती पांढरीफटक पडली होती, वाळलेल्या चामड्यासारखी ताठ. त्या म्हणाल्या, "हे गुटख्यामुळे होतं. आता हे सैल पडणं कठीण. पुढे याचंच दुखणं मोठं होतं." मग त्याला विचारलं, "दिवसाला किती खातोस? आणि आणतोस कुठून? जवळपास तर टपरी नाही."

मानसिंगने जेठाभाईकडे पाहिलं.

तेव्हा ते बाहेर आलं. तेव्हा, म्हणजे सिस्टरसाठी. मला ते माहीत होतं. दुपारी तीन वाजता जेठाभाई खिशातून गुटख्याची माळ काढायचा आणि प्रत्येकाला एकेक पुडी फाडून द्यायचा. बायकांनासुद्धा. मी तो माणूस दिलदार समजत होतो.

"तीन वाजता चहा का देत नाहीस?" सिस्टरनी विचारलं.

जेठाभाई वाईट माणूस नव्हता. त्याला लपवावंसंही वाटलं नाही. सरळ म्हणाला, "चामां वीस मिनिट जाय, बेन. पडीकीमां हाथ चालु रहे. भूख पण ना लागे."

चहात वीस मिनिटं जातात. पुडीत हात चालू राहतो. भूकही लागत नाही.

सिस्टरनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, मारतील. पण त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही उघडा तोंड, खोपकर."

"मी?"

"खिशात गुटखा आहे तुमच्या. दिसतोय."

सगळ्यांसमोर मी बोटं घातली. दोन गेली, तिसरं अर्ध्यात अडलं.

"अडीच," त्या म्हणाल्या. "तुम्हाला निदान वाचता येतं. पुडीवर काय छापलंय ते वाचून खाता. ह्याला तेही येत नाही."

गुटखा मी त्या दिवशी सोडला असं लिहायला बरं वाटलं असतं. सोडायला मला दोन वर्षं लागली.

मानसिंगला त्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. दातांच्या विभागातला तरुण डॉक्टर चांगला होता. त्याने सांगितलं, गुटखा बंद आणि दर मंगळवारी गालात इंजेक्शन. काही महिने नेमाने आला तर तोंड थोडं सैल होईल. दोन मंगळवार मानसिंग गेला. तिसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी जेठाभाईने त्याला सांगितलं, "मंगळवारे नहि आवे तो बुधवारे पण ना आवतो." मंगळवारी नाही आलास तर बुधवारीही येऊ नकोस. सुट्टी आणि हकालपट्टी यांत बांधकामावर फरक नसतो.

तिथून सिस्टरच्या फेऱ्या सुरू झाल्या. मजुराला आठवड्यातून अर्धा दिवस दवाखान्यात जाऊ द्या, एवढं बिल्डरला सांगणारं सरकारात कुणीतरी असेल असं त्यांना वाटत होतं. मजुरांच्या विमा दवाखान्यात गेल्या. "कार्ड छे?" नाही. "तो अमारामां ना आवे." कारखान्यांची तपासणी करणाऱ्या ऑफिसात गेल्या. बांधकाम म्हणजे कारखाना नव्हे, आमच्यात येत नाही. महापालिकेत गेल्या. आम्ही नकाशा पास करतो, माणसं आमच्यात येत नाहीत. दिल्लीत बांधकाम मजुरांसाठी वेगळा कायदा झाल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं, ते कात्रण घेऊन कामगार खात्यात गेल्या. खिडकीतल्या माणसाने कात्रण दोन्ही बाजूंनी बघितलं आणि सांगितलं, याचे नियम अजून आलेले नाहीत.

प्रत्येक खिडकीशी त्या एकच सांगायच्या. "लखी आपो." लिहून द्या. आमच्यात येत नाही एवढंच लिहा, खाली सही करा. कुणीही लिहून दिलं नाही. तोंडाने मात्र सगळे अगदी खात्रीने सांगायचे.

एकदा मी म्हणालो, "सिस्टर, मग हा माणूस येतो तरी कुणाच्यात?"

"वर असतो तोवर कुणाच्यातच नाही," त्या म्हणाल्या. "खाली पडला की पोलिसांत येतो."

कारेलीबागेचं काम संपलं आणि आम्ही मांजलपूरला गेलो. तीच टोळी, तोच मुकादम, पाच मजले. पावसाळा नुकताच संपला होता. परांचीच्या फळ्या काथ्याच्या दोराने बांधलेल्या होत्या आणि तो दोर पावसात कुजला होता. एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या फळीचा दोर मी हाताने चाचपला, तर त्याचे धागे माझ्या बोटांना चिकटून आले. मी जेठाभाईला सांगितलं, "हा बदल." तो म्हणाला, "काले." उद्या. मी बरं म्हटलं.

त्या 'बरं'बद्दल मला आजवर कुणी शिक्षा केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फळी सुटली. मानसिंग वाळूच्या ढिगाच्या काठावर पडला. अर्धा वाळूवर, अर्धा विटांवर. मांडीचं हाड आणि खुबा मोडला. त्याला उचलायला स्ट्रेचर नव्हतं, म्हणून दार काढून त्यावर घातला. तो ओरडत होता, पण तोंड उघडत नसल्यामुळे तो आवाज दातांमागून येत होता. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

संध्याकाळी शेठनी, म्हणजे बिल्डरने, मला ऑफिसात बोलावलं. अपघाताचा रिपोर्ट लिहायचा होता. शेठ शांत माणूस. म्हणाले, "तो जेवायचा नाही ना काही? तू सांगत होतास. ती नर्सबाई त्याला तंबाखूवरून ओरडायची?"

सांगितलं होतं मी. गंमत म्हणून, महिन्यापूर्वी, चहा पिताना.

"मग लिही. तंबाखूचं व्यसन, अशक्तपणा, चक्कर आली, तोल गेला. खोटं काय आहे यात?"

आणि खरोखरच त्यातला एक शब्दही धड खोटा नव्हता. मी लिहिलं, सही केली. ज्यांनी तीन वाजता पुडी दिली, त्यांनीच सहा वाजता व्यसन लिहून घेतलं.

सिस्टरना ते मंगीकडून कळलं. त्या दवाखान्यात मानसिंगच्या खाटेशी गेल्या, तेव्हा मंगी उठून उभी राहिली आणि त्यांच्यापासून दोन पावलं मागे सरली. जेठाभाई तिला सांगून गेला होता, की तुझा नवरा आपल्या व्यसनाने पडला, कुणाकडे काही मागता येणार नाही, सिस्टरबेनच तसं म्हणाल्या आहेत.

"बेन, तमे एवुं कह्युं?" मंगीने विचारलं.

तुम्ही असं म्हणालात? एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर शहरातच अकोट्याला माझ्या घरी आल्या. मी दाढी करत होतो. त्या ओरडतील म्हणून मी बायकोला आतल्या खोलीत जायला सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, खुर्चीवरही बसल्या नाहीत.

"रिपोर्टची कॉपी असेल तुमच्याकडे. वाचून दाखवा."

"सिस्टर, शेठनी सांगितलं म्हणून..."

"मी काही विचारलंय का? वाचा."

मी वाचायला लागलो. 'सदर मजुरास तंबाखूचे व्यसन असल्याने' इथवर आलो आणि थांबलो.

"पुढे? पुड्या कोण वाटत होतं ते पुढच्या ओळीत असेल."

"नाही."

"दोराचं?"

मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. दोराचं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक कुणीच नाही. इतक्या साइट्स बघितल्यावर त्यांना विचारायची गरज नसावी.

"त्याचं तोंड मी तपासलं, ते त्याला औषध मिळावं म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझी टॉर्च घेऊन त्याच्याच डोक्यात घातलीत. ती बाई काल माझ्यापासून मागे सरली, खोपकर. वीस वर्षांच्या नोकरीत पेशंट माझ्यापासून मागे सरला नव्हता."

बायको चहा घेऊन आली. सिस्टर तिला म्हणाल्या, "नको. ह्यांचं लिहून झालं की घेईन."

लिहायला मला तासभर लागला. दोर कधी पाहिला, कुणाला सांगितलं, उत्तर काय मिळालं, मी काय म्हणालो. पुड्या कोण, किती वाजता वाटायचं. सगळं लिहून सही केली. त्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि गार झालेला चहा एका दमात प्यायल्या. 'शाबास' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी शेठनी मला कामावर यायची गरज नसल्याचा निरोप धाडला. मग मला वेळच वेळ होता. मी सिस्टरबरोबर फिरायला लागलो.

तेच जिने, त्याच खिडक्या. आता हाड मोडलेलं होतं, हातात लेखी जबानी होती, तरी उत्तर तेच. एकाने तर मला बाजूला घेऊन समजावलं, "भाई, तुम्ही शिकलेले आहात, या बाईंच्या नादी काय लागता?" पंधराएक दिवस गेले. शेवटी कामगार खात्याच्याच इमारतीत, मागच्या बाजूच्या एका खोलीत आम्हाला दवेबेन भेटल्या. निवृत्तीला आलेल्या कारकून बाई. टेबलावर डबा उघडलेला. सिस्टरनी सवयीने तोंडपाठ झालेलं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्यातही येत नसेल, तर लखी आपो."

दवेबेननी हात पुसले. मागच्या कपाटातून एक जाड, फाटक्या पाठीचं पुस्तक काढलं. बोट फिरवत एका पानावर थांबल्या.

"इमारत केटला माळनी?" किती मजल्यांची?

"पाच."

"तो आवे छे, बेन. अमारामां ज आवे छे." येतो, आमच्यातच येतो.

कामावर इजा झालेल्या कामगारांचा तो जुना, इंग्रजांच्या वेळचा कायदा. एका मजल्याहून उंच इमारतीचं बांधकाम त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. दवेबेननी ओळ वाचून दाखवली, अर्जाचा कागद काढून दिला आणि तो कसा भरायचा तेही सांगितलं. दहा मिनिटांचं काम.

मला वाटलं, सिस्टर खूश होतील. बाहेर येऊन त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"सिस्टर, काम झालं की!"

"होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून होतं. माझ्या जन्माच्या आधीपासून होतं. इतकी वर्षं माणसं वरून पडत होती आणि हे पुस्तक त्या कपाटात उभं होतं. आणि आपल्याला पुढच्या खिडकीत नाही म्हणून सांगितलं तो माणूस याच इमारतीत बसतो. ह्याच!"

त्यांनी कठड्यावर मूठ आपटली. घड्याळाची काच फुटली. येणारी-जाणारी माणसं बघत होती. एक शिपाई म्हणाला, "बेन, अहीं ना बेसाय." इथे बसायचं नाही. त्याला त्यांनी जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

केस वर्षावर चालली. शेठच्या वकिलाने तंबाखूचं प्रकरण काढलंच. सिस्टरची साक्ष झाली. वकिलाने विचारलं, "त्याला तंबाखूचं व्यसन होतं की नव्हतं? हो किंवा नाही?" त्या म्हणाल्या, "होतं. तुमच्या अशिलाने लावलेलं. तीन वाजता, कामाच्या वेळात, कामासाठी." केस ऐकणाऱ्या साहेबांनी ते लिहून घेतलं. निकाल मानसिंगच्या बाजूने लागला आणि शेठना भरपाई द्यावी लागली. शेठचं त्याने काही अडलं नाही. पुढच्या दिवाळीत त्यांची नवी स्कीम जाहीर झाली.

मानसिंगचा पाय जुळला, पण आखूड. परांचीवर चढणं संपलं. आता मंगळवारी दवाखान्यात जायला कुणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून तो जायला लागला. गुटखा मात्र सुटेना. सिस्टर बडीशेप द्यायच्या, तो चार दिवस चघळायचा, पाचव्या दिवशी पुडी. एकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या शर्टाच्या खिशात त्यांना पुडी सापडली आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. मंगीने त्यांचा हात धरला. लोक जमले. सिस्टरनी हात सोडवून घेतला नाही. "चुकलं माझं," त्या मंगीला म्हणाल्या. "ह्याला मारून काय. ज्यांना मारायला हवं ते इथे येत नाहीत." मग तिघंही बाकावर नंबर यायची वाट बघत बसली.

पुढे त्याच्या गालात जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी सांगितलं ते सिस्टरना आधीच माहीत होतं. मंगी त्याला गावी घेऊन गेली. तो गेल्याचं कळल्यावर सिस्टर एसटीने दाहोदला आणि तिथून जीपने त्याच्या गावी जाऊन आल्या. परतल्यावर मी भेटायला गेलो. त्यांनी एवढंच सांगितलं, की शेवटी त्याच्या तोंडात चमचा जात नव्हता, मंगी फडक्याने पाणी पिळायची. आणि गावाच्या नाक्यावर, जिथे जीप थांबते तिथे, टपरीवर गुटख्याच्या माळा लावलेल्या होत्या. रंगीत. लग्नाच्या मांडवासारख्या.

आता लोक मला सांगतात, सुर्वे सिस्टर जरा विक्षिप्तच होत्या. फार तापट. लोकांशी जुळवून घेतलं असतं तर बरंच काम करता आलं असतं. सांगणारे बहुतेक त्या सोसायटीतलेच असतात. मी ऐकून घेतो. जुळवून घेणाऱ्यांनी काय काम केलं ते मी त्यांना विचारत नाही, कारण जुळवून घेणारा मी स्वतः होतो आणि मला ते माहीत आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर पंधराएक वर्षांनी. मी तेव्हा एका शाळेच्या इमारतींची देखभाल बघत होतो. मार्चमधली सकाळ. मांजलपूरच्या पुढे, जिथे पूर्वी एरंडाची शेतं होती, तिथे एका सात मजली बांधकामासमोर ट्रॅफिक थांबल्यासारखी गर्दी दिसली. मी स्कूटर कडेला घेतली. फाटकातून आत पाहिलं, तर सिमेंटच्या थैल्यांची थप्पी आणि थप्पीवर सिस्टर. सत्तरी ओलांडलेली, केस पांढरे, पाय खाली लोंबत होते, जमिनीला टेकत नव्हते. मिक्सर बंद. पन्नासेक मजूर सावलीत उभे. सकाळी दहा वाजता असं गप्प बांधकाम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चिमण्यांचा आवाज येत होता.

तरुण कंत्राटदार मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, एक डोशी बेठी छे!" म्हातारी बसलीय. तिला हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती आणि तिच्याखालची थैली काढल्याशिवाय माल कालवता येत नव्हता. वॉचमनने मला सांगितलं, लिफ्टसाठी सोडलेली जागा सातही मजल्यांवर उघडी आहे, काल एक बाई पडता पडता वाचली. ती जागा बंद होईपर्यंत ही डोशी उठणार नाही म्हणते.

मला पाहून सिस्टरनी मान हलवली. "खोपकर, तुम्ही जा. शाळेला उशीर होईल."

"पाणी आणून देऊ?"

"आहे माझ्याकडे."

कंत्राटदाराने फोन बंद केला आणि वरच्या दिशेने सुताराला हाक मारली. दोन माणसं फळ्या घेऊन जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यावरून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले. मजुरांत कुजबूज झाली. कंत्राटदार सिस्टरपाशी येऊन जरा नरम आवाजात म्हणाला, "हवे तो उठो, माजी." आता तरी उठा.

सिस्टरनी वर बघितलं. बोटाने मजले मोजले.

"एक थयो," त्या म्हणाल्या. एक झाला.

आणि पाय वर घेऊन, मांडी घालून, नीट बसल्या.